काकीला विचारलेला प्रश्न

भडगावच्या पेठेत बन्सीलालजींचं किराणा दुकान होतं. हिंग, गूळ, घासलेट, पत्रावळी, सगळं मिळायचं. पण गावातल्या बायकांना दुकानापेक्षा दुकानामागचं स्वयंपाकघर जास्त जवळचं होतं, कारण तिथे गुलाबबाई असायच्या. पोरगी नांदायला कधी पाठवायची, रुसलेल्या सासूला कोणी आणि काय म्हणून समजवायचं, पोराला मास्तरकीला धाडायचं की तलाठ्याच्या हाताखाली चिकटवायचं, असले प्रश्न घेऊन बायका यायच्या आणि गुलाबबाई चुलीपुढून मान वर न करता उत्तर द्यायच्या. ते बहुतेक बरोबर निघायचं. देव माणसाला दुसऱ्यापुरती अक्कल भरभरून देतो आणि स्वतःची वेळ आली की नेमकी काढून घेतो, असं म्हणतात. कोण म्हणतं ते मला ठाऊक नाही, पण गुलाबबाईंकडे बघून म्हटलं असावं.

त्यांना दोन मुली आणि एक मुलगा झाला. मुलगा निर्मलकुमार पाच वर्षांचा असताना जळगावला गोद, म्हणजे दत्तक, गेला. थोरले दीर पन्नालालजी यांचा तिथे कापसाचा जिन होता, डाळीची मिल होती, नवीपेठेत माडीचं घर होतं. नव्हतं ते फक्त मूल. त्यांच्या जातीत धाकट्या भावाचा मुलगा थोरल्याला देण्यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. बन्सीलालजींच्या आजोबांच्या वेळीही तसंच झालं होतं. आईला विचारायची मात्र पद्धत नव्हती. गुलाबबाईंनाही कुणी विचारलं नाही.

गोद घेतल्याच्या दिवशी मुलाला छोटा फेटा बांधला आणि तारादेवींच्या, म्हणजे गुलाबबाईंच्या थोरल्या जावेच्या, मांडीवर बसवला. त्यांच्यात आईला ‘बाई’ म्हणत. पंगत बसली तशी निर्मलला झोप आली. तो मांडीवरून उतरला, गर्दीतून वाट काढत गुलाबबाईंकडे आला आणि पदर ओढून म्हणाला, “बाई, घरी चल.” सगळ्या बायका बघत होत्या. गुलाबबाईंनी पदर सोडवून घेतला, तारादेवींकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “बाई तिकडे बसलीय. मी काकी.” पोरगं थोडा वेळ दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिलं आणि मग गेलं तिकडे. बायकांनी गुलाबबाईंची तोंडभरून तारीफ केली. असं काळीज हवं म्हणाल्या. काळीज कुठे होतं ते गुलाबबाईंनाच ठाऊक.

पुढच्याच वर्षी निर्मलला गोवर निघाला. कुणी बोलावलं नसताना गुलाबबाई जळगावला गेल्या आणि त्याच्या उशाशी बसल्या. तापात पोरगं “बाई, बाई” करत होतं, आणि हाक कुणाला होती हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. तारादेवी नुसत्या उठून बाहेर गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. पन्नालालजींनी धाकट्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, “बन्सी, दिलेल्या दानावर पुन्हा हात ठेवायचा नसतो.” वाक्य गोड होतं, पण गुलाबबाईंच्या ते जिव्हारी लागलं. त्यानंतर निमंत्रण आल्याशिवाय त्यांनी जळगावचा उंबरा ओलांडला नाही, आणि निर्मलच्या बाबतीत कधी शब्द काढला नाही. त्याची शाळा, त्यांच्यात मुंज नसली तरी मुंजीच्या वयाचे सगळे हट्ट, पुण्याचं कॉलेज, सगळं त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

फक्त शेजारच्या बेबाबाईला हा सगळा व्यवहार मान्य नव्हता. बेबाबाई कुणब्याची, दोन म्हशी पाळून होती, आणि जिभेला हाड नव्हतं. गुलाबबाई घरात मारवाडी बोलत, दुकानात मराठी आणि ओट्यावर बेबाबाईशी अहिराणी. निर्मल वर्षातून एकदा भडगावला यायचा तेव्हा बेबाबाई ओट्यावरूनच ओरडायची, “बाई व, तुना आंडोर उना!” म्हणजे तुझा मुलगा आला; आंडोर म्हणजे मुलगा. सगळं गाव ‘तुमचा पुतण्या’ म्हणायचं, ही एकटी ‘तुना आंडोर’ म्हणायची. गुलाबबाईंनी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही. तो शब्द कानावर पडावा म्हणून त्या कधीकधी कारण नसताना ओट्यावर येऊन बसत.

एकोणीसशे पंचावन्नचा उन्हाळा आला आणि जळगावात एकच विषय झाला: पन्नालालजींचा निर्मल परदेशी शिकायला कुठे जाणार? दोन ठिकाणांहून होकार आला होता. एक मँचेस्टरचा, कापडगिरण्या चालवण्याचं वर्षभराचं शिक्षण. दुसरा अमेरिकेतला, शिकागोकडच्या एका विद्यापीठाचा, दोन वर्षांचा. त्याचं नाव एम. बी. ए. आता एम. बी. ए. म्हणजे काय, हे पेढीवर कुणालाच धड सांगता येत नव्हतं. डॉक्टरकीचीच एखादी धाकटी पदवी असावी, असा मुनीमजींचा समज होता. ती धंदा शिकवणारी पदवी आहे असं कळल्यावर तर ते हसतच सुटले. “धंदा शिकायला कॉलेज? मग गादीवर बसून काय शिकतात, पोहायला?”

पण सल्ला द्यायला माहिती लागते असं थोडंच आहे! संध्याकाळी पेढीवर बैठक जमायची. वकीलसाहेब म्हणायचे, विलायत ती विलायत, तिथून आलेल्या माणसाच्या चालीतच फरक पडतो. कापसाचा दलाल म्हणायचा, खानदेशचा कापूस पिढ्यान्‌पिढ्या मँचेस्टरला गेला, आता आपला मुलगा जाऊ द्या. डॉक्टर म्हणायचे, इंग्रजांचं काय राहिलंय आता? त्यांचं राज्य गेलं, गिरण्या बंद पडत चालल्यात. पुढचं जग अमेरिकेचं. पन्नालालजींना दोन्हीकडचं पटायचं. “गादीवर मार खाल्ल्याशिवाय धंदा येत नाही,” असं ते घरात म्हणत आणि प्रत्येक लग्नात आहेर देता देता “आमचा निर्मल परदेशी चाललाय” हेही सांगत. शेवटी त्यांनी निर्मललाच सांगितलं, “तू शिकलेला. तूच ठरव. आषाढाच्या आत दोघांपैकी एकाला कळवायचंय.”

निर्मल ठरवत नव्हता. आज मँचेस्टर म्हणायचा, उद्या अमेरिका. थंडी कुठे जास्त, शाकाहारी जेवण कुठे मिळेल, कुठून आलेल्याला इकडे जास्त मान, सगळं त्यानं तपासून झालं होतं. तरी गाडी पुढे सरकत नव्हती.

वैशाखात तारादेवी भडगावला आल्या. निमित्त पापडांचं. दोघी जावा दुपारी मागच्या पडवीत पापड लाटायला बसल्या. बराच वेळ पीठ, पापडखार, मुलींची स्थळं असलं बोलणं झालं. मग लाटणं थांबवून तारादेवी म्हणाल्या, “गुलाब, तू सांग ना त्याला.”

“काय सांगू?”

“विलायतेला जा म्हणावं. वर्षात परत येईल. अमेरिकेला गेला तर आपल्या हाती लागायचा नाही, असं माझं मन सांगतं. माझं ऐकत नाही तो. तुझं ऐकेल.”

गुलाबबाईंच्या हातातला पापड तसाच राहिला. इतक्या वर्षांत या बाईनं कधी निर्मलचं नाव काढून काही विचारलं नव्हतं. आता एकाएकी ‘तुझं ऐकेल’? गोवराच्या वेळी खोलीतून उठून गेलेल्या तारादेवी त्यांना आठवल्या. त्यांना वाटलं, ही बघतेय. दिलेल्या दानावर अजून माझा हात आहे का, हे हिला चाचपून बघायचंय. मी ‘सांगते’ म्हटलं की घरी जाऊन म्हणेल, बघा, तिच्या मनातून गेलेलं नाही.

त्या पापड उचलून खाटेवर टाकत म्हणाल्या, “तुमचा मुलगा, तुम्ही सांगा, भाभीजी. मी सांगणारी कोण?”

तारादेवींचा चेहरा उतरला. त्यांनी पुढे विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी पापड वाळायच्या आधीच त्या जळगावला निघून गेल्या. गुलाबबाईंना वाटलं, परीक्षेतून सुटले.

बेबाबाई भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती; ती न ऐकेल तरच नवल. संध्याकाळी म्हणाली, “बठ्ठा गावले अक्कल देस तू, अनी सोताना आंडोरले दोन शबद सांगता येत नही का तुले?”

गुलाबबाई म्हणाल्या, “तुले नही समजाव ते.” बेबाबाईला समजलं नाही हे खरं होतं, पण चुकलं कुणाचं हे पुढे कळायचं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी निर्मल स्वतः आला. कजगावला गाडीतून उतरून मोटारीनं, घामानं निथळत. बन्सीलालजी दुकानात होते. गुलाबबाईंनी पाट मांडला, बाजरीची भाकरी आणि कढी वाढली. निर्मलला लहानपणापासून एक नेम होता: जेवण झालं की ताट पाण्यानं धुऊन तेच पाणी पिऊन टाकायचं, अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही. तो नेम त्याला गुलाबबाईंनीच लावला होता, मुलगा त्यांचा होता तेव्हा.

दोन घास खाऊन तो म्हणाला, “काकी, तुम्ही सगळ्या गावाला सांगता. मला सांगा. मी कुठे जाऊ?”

काय सांगावंसं वाटलं त्यांना? तर ताट बाजूला सारून त्याचा हात धरावा आणि म्हणावं, कुठे जातोस रे? एकदा गेलास तेव्हा मी तोंड शिवून बसले, आता समुद्रापलीकडे चाललास? जायचंच असेल तर जवळ जा, वर्षात ये. हे सगळं घशापर्यंत आलं होतं. पण पोटातली आई बोलायला लागायच्या आत काकी बोलायला लागली. त्यांना वाटलं, यालाही तिकडूनच पाठवलं असेल. वाटलं, मी जवळ जा म्हटलं आणि उद्या याचं काही वाकडं झालं तर लोक म्हणतील, जन्म देणारीनं आपल्या मायेपायी मुलाचं नुकसान केलं. आणि वाटलं की डॉक्टर म्हणतात ते खरं असेल, याच्या मनातही अमेरिकाच असेल. दुसऱ्याचं पोर असतं तर गुलाबबाईंनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं असतं. इथे त्या कढीच्या भांड्याकडे बघत राहिल्या.

“जायचं तर मोठ्या ठिकाणी जावं,” त्या म्हणाल्या. “अमेरिकेला जा.”

“दोन वर्षं लागतील.”

“लागू दे की.”

“तुम्हाला काही वाटत नाही, काकी?”

“वाटायचंय काय त्यात? पुतण्या परदेशी जातो म्हटल्यावर काकीला कौतुकच वाटणार.”

निर्मल उठला आणि त्यानं हात धुतले. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली होती. ती त्यानं ना संपवली ना ताट धुऊन प्यायला. तो गेल्यावर गुलाबबाईंनी ती भाकरी स्वतः खाल्ली आणि ताट धुऊन पाणी प्यायल्या. रडू आलं ते घासाबरोबर गिळलं.

श्रावणात तो निघाला. जळगावच्या जैन स्थानकात महाराजसाहेबांनी, म्हणजे साधूंनी, मांगलिक पाठ ऐकवला. मांस खाणार नाही, दारूला शिवणार नाही, असे नेम त्यानं हात जोडून घेतले. रेल्वे स्टेशनवर अर्धी नवीपेठ लोटली होती. कुंकवाचा टिळा आधी आईनं लावायचा, मग बाकीच्यांनी. गुलाबबाई काक्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्याच्या कपाळावर कुंकवाला जागा उरली नव्हती. तरी लावलं. त्यानं वाकून नमस्कार केला, सगळ्यांना केला तसाच.

दोन वर्षांनी शिक्षण संपलं. मग अनुभवासाठी आणखी एक वर्ष. मग नोकरी चांगली होती. मग पन्नालालजींनी भावाला निरोप धाडला की निर्मलनं तिकडेच लग्न केलं, मुलगी तिकडचीच. पेढीवरची बैठक विरळ झाली. वकीलसाहेब म्हणाले, मी तेव्हाच विलायत म्हटलं होतं. डॉक्टर काही म्हणाले नाहीत. तारादेवींनी अंथरूण धरलं आणि एकोणसाठच्या हिवाळ्यात त्या गेल्या. अखेरपर्यंत दाराकडे बघत होत्या असं सांगतात. निर्मलला तार पोचली, पण माणूस पोचणं शक्य नव्हतं.

तो आला ते पुढच्या वर्षी, पर्युषणात. नवं राज्य होऊन चार महिने झाले होते आणि पूर्व खानदेशची पाटी उतरून जळगाव जिल्ह्याची लागायच्या बेतात होती. पन्नालालजी थकले होते, त्यांना बघायला तो एकटाच आला होता. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जैन घरांतून माणसं एकमेकांकडे जातात आणि वर्षभरात दुखावलं असेल तर क्षमा मागतात, त्याला खमतखामणा म्हणतात. लहानानं मोठ्याची मागायची, मोठ्यानंही लहानाची मागायची. कशाबद्दल ते कुणी बोलत नाही. जाणता-अजाणता जे झालं असेल ते. त्या सकाळी निर्मल भडगावला आला.

अंगानं भरला होता, चष्मा लागला होता. पाटावर बसून त्यानं मुगाचं पाणी घेतलं आणि वाटी धुऊन प्यायला. ते बघून गुलाबबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी तोंड फिरवलं.

मग तो उठला, हात जोडले. “काकी, जाणता-अजाणता तुमचं मन दुखावलं असेल तर खमतखामणा.”

गुलाबबाईंनीही हात जोडले. दर संवत्सरीला जोडत आल्या होत्या आणि दरवर्षी जाणता-अजाणताच्या आत एक गोष्ट लपवत आल्या होत्या. आज त्यांना ते जमेना.

“निर्मल, मला नाव घेऊन माफी मागायचीय. तू विचारलंस तेव्हा मी अमेरिका म्हटलं. खोटं बोलले. माझ्या मनात होतं, तू जाऊच नयेस. गेलासच तर वर्षात परत यावंस.”

निर्मलचे हात जोडलेलेच राहिले. “मग बोलला का नाहीत?”

“तू काकीला विचारलं होतंस.”

“काकीला विचारायला मी भडगावला नव्हतो आलो,” तो म्हणाला. “सल्ला द्यायला जळगावात माणसांची रांग होती. मला वाटलं होतं, तुम्ही एकदा तरी माझ्यावर रागवाल. कुठे जायचं नाही म्हणाल. तेवढं म्हणाला असता तर दोन्ही होकारांचे कागद गिरणा नदीत टाकून दिले असते. बाईलाही मनातून तेच हवं होतं. ती तुमच्याकडे येऊन गेली आणि घरी येऊन रडली. म्हणाली, मी तिचं पोर घेतलं ते तिनं मला माफ केलेलं नाही.”

गुलाबबाई खाली बसल्या. म्हणजे परीक्षा नव्हतीच. ती बाई खरोखरच पदर पसरून आली होती आणि आपण तिला रिकाम्या हातानं परत पाठवली. आता तिची माफी मागायलाही ती नव्हती.

त्यांनी निर्मलचा हात धरला. पाच वर्षांचा होता त्यानंतर पहिल्यांदाच. “मग आता जाऊ नकोस. राहा इथे. मी सांगते तुला, राहा.”

निर्मलनं हात सोडवून घेतला नाही. मग ज्या आवाजात माणूस घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत घालतो त्या आवाजात म्हणाला, “आता कसं जमेल, काकी? तिकडे घर आहे. मुलगी आहे लहान. तीन महिन्यांची होती तेव्हा काढलेला फोटो जळगावला बापूजींकडे ठेवलाय, मागवून घ्या.” आणि वाकून पायाला हात लावत म्हणाला, “मी खमावलं. माझ्या मनात काही नाही, काकी.”

‘बाई’ हा एक शब्द ऐकायला त्या आसुसल्या होत्या. तो त्यानं तारादेवींसाठी वापरला, आणि योग्यच केलं. गुलाबबाईंनीच बोट करून शिकवलं होतं.

मोटार धुरळा उडवत कजगावच्या रस्त्याला लागली. गुलाबबाई ओट्यावर येऊन बसल्या. बेबाबाई म्हशीचं दूध काढून येत होती. चरवी खाली ठेवून तिनं विचारलं, “तुना आंडोर गया का व बाई? काय सांगी गया?”

गुलाबबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

“आंडोर नही व बेबाबाई,” त्या म्हणाल्या. “पुतन्या शे मना. अमेरिकाले राहस.”